पिंपळें सौदागर: डॉ. मॅन यांच्या आंकड्यांची फेरतपासणी

डॉ. हॅरोल्ड मॅन यांनीं पुण्यानजीकच्या एका खेड्याची पाहणी करून 'लँड अँड लेबर इन ए डेक्कन व्हिलेज' या नांवाचा ग्रंथ १९१७ सालीं मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्रमालेंत प्रसिद्ध केला. हें खेडें म्हणजे हवेली तालुक्यांतील मौजे पिंपळें सौदागर होय. पवनेच्या कांठीं, पिंपरीच्या समोरच्या अंगास वसलेलें हें गांव त्या काळीं शंभराच्या आसपास कुटुंबांचें होतें. आज तें पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दींत मोडतें, व ज्या जमिनींत बाजरी व जोंधळा होई तेथें उंच इमारती उभ्या आहेत. ग्रंथास शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं. ग्रंथ सहसा कोणी उघडीत नाहीं. परंतु त्यांतील चार आंकडे मात्र एका पुस्तकांतून दुसऱ्या पुस्तकांत असे अखंड फिरत आहेत. रजनी पाम दत्त यांनीं आपल्या १९४० सालच्या 'इंडिया टुडे' या पुस्तकांत त्यांस स्थान दिल्यापासून तर ते हिंदी शेतकऱ्याच्या विपन्नावस्थेचा पुरावा म्हणून सर्वमान्यच होऊन बसले. ते आंकडे असे: या गांवीं दर खातेदारामागें जमिनीची सरासरी १७७१ सालीं ४० एकर होती, १८१८ सालीं ती १७½ एकर झाली, १८२० ते १८४० या काळांत १४ एकरांवर आली, आणि १९१४-१५ सालीं अवघी ७ एकर उरली.

या उतरंडीची तपासणी करण्याचा आमचा विचार आहे. एका लहानशा गांवाच्या चार सरासऱ्यांस इतकें महत्त्व कां द्यावें, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, महाराष्ट्रांतील ज्या थोड्या खेड्यांचा दीडशें वर्षांचा हिशेब एका ठिकाणीं मांडला गेला आहे त्यांत हें एक आहे. आणि आज गांवाचें मूळ शिवार नाहींसें झालें असल्यामुळें हा हिशेब शेतांत जाऊन पडताळून पाहण्याची सोय उरलेली नाहीं. जें कांहीं पडताळावयाचें तें कागदांवरून.

प्रथम ग्रंथकाराविषयीं. डॉ. मॅन हे पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे प्रिन्सिपॉल. पुढें ते मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याचे डायरेक्टर झाले. यॉर्क शहरांतील गरिबांची पाहणी करून सीबोम राउन्ट्री यांनीं १९०१ सालीं जी रीत घालून दिली, त्याच रीतीनें मॅन यांनीं बेडफर्डशर परगण्यांतील एका इंग्रजी खेड्याची पाहणी पूर्वीं केली होती. तीच रीत त्यांनीं कॉलेजांतील मराठी सहकाऱ्यांस बरोबर घेऊन पवनाकांठीं आणली. प्रत्येक कुटुंबाची मिळकत किती, खर्च किती, कर्ज किती, व अखेरीस त्याचें भागतें कीं नाहीं, हा प्रश्न आमच्याकडील एका खेड्यांतील घराघरास विचारला गेला, ही गोष्ट सामान्य नव्हे. त्र्यंबक नारायण आत्रे यांचा 'गांव-गाडा' याच्या अवघीं दोन वर्षें आधीं, म्हणजे १९१५ सालीं, निघाला. आत्रे यांच्या ग्रंथांत गांवचीं माणसें डोळ्यांपुढें उभीं राहतात, मापें थोडीं. मॅन यांच्या ग्रंथांत मापें पुष्कळ, माणसें थोडीं. दोन्ही ग्रंथ शेजारीं ठेवून वाचणाऱ्यास गांव समजूं लागतें. इंग्रजीच्या अभ्यासकांस आत्रे ठाऊक नसतात व मराठीच्या अभ्यासकांस मॅन ठाऊक नसतात, हें आमच्याकडील विद्येचें जुनेंच दुखणें आहे.

मॅन यांची वर्तमानकाळाची पाहणी आम्हांस भरंवशाची वाटते. गांवच्या १५६ जमीनधारकांमध्यें जमिनीचे ७२९ निरनिराळे तुकडे होते. त्यांपैकीं ४६३ तुकडे एक एकराच्या आंतले व ११२ तर पाव एकराच्याही आंतले. धारणांपैकीं शेंकडा ८१ दहा एकरांच्या आंत व शेंकडा ६० पांच एकरांच्या आंत होत्या. हे आंकडे चालू दप्तरावरून व प्रत्यक्ष पाहणीवरून घेतलेले असल्यामुळें त्यांवर आक्षेप घेण्यास आम्हांस जागा दिसत नाहीं. आमचा आक्षेप आहे तो वर्तमानकाळच्या या पक्क्या जमिनीवर उभें राहून ग्रंथकारानें भूतकाळांत जी शिडी टाकली तिच्याबद्दल.

शिडीच्या पहिल्याच पायरीकडे पाहावें. १७७१ हें साल थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दीच्या अखेरचें; १८१८ हें पेशवाईच्या अखेरचें. या सत्तेचाळीस वर्षांत सरासरी चाळीसांवरून साडेसतरांवर आली असेल, तर याचा अर्थ जमीन धारण करणारांची संख्या दुपटीहून अधिक झाली. आतां या सत्तेचाळीस वर्षांत पुणें प्रांतावर काय गुजरलें तें आठवावें. १८०२ च्या ऑक्टोबरांत हडपसरच्या मैदानावर यशवंतराव होळकरांनीं पेशव्यांचा व शिंद्यांचा मोड केला. पुढें होळकरांच्या फौजेनें मुलूख लुटला, पिकें गेलीं, आणि १८०३-०४ चा तो भयंकर दुष्काळ पडला, ज्याची आठवण या भागांत दोन पिढ्या पुसली गेली नाहीं. गांवेंच्या गांवें ओस पडलीं. १७७१ ते १८०२ पर्यंत राजधानीच्या भरभराटीबरोबर आसपासच्या खेड्यांची वस्ती वाढली असेल हें आम्ही सहज मान्य करूं. परंतु इतक्या मोठ्या मृत्यूनंतर व पळापळीनंतरही धारकांची संख्या दुपटीहून अधिक भरते, ही गोष्ट मनास पटण्याजोगी नाहीं. माणसें मेलीं व जमीन पडीक पडली म्हणजे उरलेल्यांच्या वांट्यास जमीन अधिक यावयास हवी. येथें उलट झालेलें दिसतें. तेव्हां एक तर मूळ कागद चुकीचा, किंवा दोन सालांच्या कागदांत मोजलेली वस्तु एक नव्हे. आमच्या मतें दुसरें खरें.

मराठी अमदानींत गांवची जमीन कोणाच्या नांवें लिहीत, हा येथें कळीचा प्रश्न आहे. पुणें प्रांतांतील मिराशी जमीन थळांत विभागलेली असे. थळास मूळ कुळाचें नांव असे. तें कुळ नष्ट झालें तरी नांव जात नसे, व वारस न उरलेल्या अशा जमिनीस गतकुळ म्हणत. एका थळावर एका घराण्याचे भाऊबंद मिळून जो समूह असे त्यास जथा म्हणत. इंग्रजी अमलाच्या आरंभीं पुण्याचे कलेक्टर कॅप्टन रॉबर्टसन यांनीं या जथ्यांची चौकशी करून ठेवली आहे, व पुढें कर्नल साइक्स यांनींही थळांचे झाडे पाहून त्यांवर लिहिलें आहे. या दोघांच्या लेखांवरून स्पष्ट होतें कीं, जथ्यांतील एकानें वसूल दिला नाहीं तर तो इतरांवर पडे, व एखादा निपुत्रिक वारला तर त्याचा वांटा इतरांकडे जाई. सरकारास वसुलाशीं काम. आंत भावाभावांत जमीन कशी वांटली आहे याची पंचाईत सरकारदप्तरास नसे. वडील भाऊ जमाबंदीच्या कागदांत नांवानें उभा राही, आणि त्याच्या पाठीमागें धाकटे भाऊ, पुतणे, विधवा वहिनी असें सबंध घर असे.

असें असतां १७७१ च्या कागदांतील चाळीस एकरांचा धनी हा एक शेतकरी होता असें समजणें म्हणजे शिधापत्रिकेवरील एका नांवावरून घरांत एकच माणूस जेवतो असें म्हणण्यासारखें आहे. उदाहरणादाखल असें धरूं कीं, त्या नांवामागें तीन-चार भाऊ आपापलीं चूल-भाकर वेगळी करून राहत होते. मग चाळीस एकरांचे दहा-तेरा एकर होतात, आणि तीच संख्या १८२० ते १८४० च्या चौदा एकरांच्या जवळ येऊन बसते. आम्ही हें गणित पुरावा म्हणून पुढें करीत नाहीं. उतरंडीचा सर्वांत उंच भाग एका गृहीतावर उभा आहे, व तें गृहीत बदलतांच तो खालीं येतो, एवढेंच दाखवावयाचें आहे.

इंग्रजी अमलांत हीच व्यवस्था मोडली. जथ्याची सामाईक जबाबदारी गेली. प्रिंगल यांची मोजणी झाली व ती फसली. मग १८३६ मध्यें इंदापुरापासून गोल्डस्मिड व विंगेट यांची पद्धति सुरू झाली आणि हळूहळू प्रत्येक शेतास नंबर व प्रत्येक नंबरास खातेदार मिळाला. पूर्वीं जो वांटा घरांतल्या घरांत राही तो आतां सरकारी वहींत चढूं लागला. जमिनीचे वांटे त्यामुळें वाढले असतीलही. परंतु जे वांटे आधींच होते ते दिसूं लागले, ही गोष्ट प्रथम लक्षांत घ्यावयास हवी. पूर्वींच्या काळीं दोन एकरांच्या आंतली धारणा जवळजवळ आढळतच नाहीं असें मॅन म्हणतात. थळझाड्यांत ती आढळावी कशी? असे कागद ज्यांनीं हाताळले आहेत त्यांस ठाऊक आहे कीं, लिहिणाऱ्याचें काम थळाच्या खालीं उतरण्याचें नव्हतें. कागदाचें मौन हें वस्तूच्या अभावाचें प्रमाण होत नाहीं, हा नियम आमच्या संशोधकांनीं राजकीय इतिहासांत कसोशीनें पाळला. जमिनीच्या इतिहासांत मात्र तो विसरला जातो.

बिघ्यांची गोष्टही थोडी अशीच. जुन्या कागदांत एकर नाहीं. बिघे व चाहूर आहेत. वीस काठ्यांचा एक पांड, वीस पांडांचा एक बिघा, एकशें वीस बिघ्यांचा एक चाहूर, हें कोष्टक सर्वांस ठाऊक आहे. पण काठी सर्वत्र एकच नव्हती, आणि पुष्कळ ठिकाणीं बिघा हा मोजणीचा नसून जमिनीची प्रत व धाऱ्याची ऐपत पाहून ठरविलेला असे. हलक्या मुरमाड जमिनीचा बिघा मोठा, काळ्या जमिनीचा लहान. अशा बिघ्याचे एकर करून त्यांची सरासरी अर्ध्या एकरापर्यंत सांगणें ही नेमकेपणाची हौस आहे. साडेसतरांतील तो अर्धा एकर आम्हांस नेहमींच संशयास्पद वाटत आला आहे.

आतां माणसांच्या संख्येकडे वळूं. कारण जमिनीची सरासरी म्हणजे जमीन भागिले माणसें, आणि भाजक संशयित असेल तर भागाकार काय कामाचा? मराठी दप्तरांत गांवच्या वस्तीची जी गणना मिळते तिला खानेसुमारी म्हणतात. नांवांतच तिचा स्वभाव आहे: ती घरें मोजते, माणसें नव्हे. सबंध मुलुखाची डोईगणिक शिरगणति मुंबई इलाख्यांत १८७२ सालीं प्रथम झाली. त्यापूर्वींच्या कोणत्याही खेड्याची लोकसंख्या सांगावयाची म्हणजे घरांच्या संख्येस कांहीं तरी आंकड्यानें गुणणें आलें.

ही अडचण आपल्याच वांट्यास आली आहे असें नाहीं. युरोपच्या आग्नेय कोपऱ्यांत, बाल्कन प्रदेशांत, उस्मानी तुर्कांच्या अमलांत गांवोगांवच्या वसुलाचीं तहरीर दफ्तरें तयार झालीं. पंधराव्या-सोळाव्या शतकांतील अशीं दफ्तरें पुष्कळ उरलीं आहेत, आणि तेथील चाळीस-पन्नास घरांच्या खेड्याचा इतिहास लिहावयाचा तर त्यांवांचून गति नाहीं. त्यांत गणना 'हाने'ची असते. हा शब्द म्हणजे आपल्या खानेसुमारींतील 'खाना'च. आणि 'दफ्तर' तर सांगावयासच नको. विधवा कुटुंबप्रमुख असेल तर तिची नोंद वेगळी, अविवाहित पुरुषांची वेगळी. तुर्की पंडित ओमर लुत्फी बार्कान यांनीं दर घरास पांच माणसें धरून लोकसंख्या काढली, व पुढील संशोधकांनीं हा पांचाचा गुणक सर्व प्रदेशांस व सर्व काळांस लागू करण्यावर आक्षेप घेतले. लढाईनंतरचें घर व सुबत्तेंतलें घर सारखें नसतें. डोंगरांतील एकत्र कुटुंब व मैदानांतील विभक्त कुटुंब सारखें नसतें. आमच्या खानेसुमाऱ्यांवर लिहिणाऱ्यांनीं हा वाद अवश्य पाहावा. कर घेणारानें केलेली यादी ही कर देणाराची यादी असते, गांवाची नसते, हें तेथेंही शेवटीं मान्य करावें लागलें.

पिंपळें सौदागरच्या बाबतींत तर या गोंधळाचा पुरावा खुद्द मॅन यांच्या ग्रंथांतच आहे, आणि ज्यांनीं ते चार आंकडे उतरून घेतले त्यांपैकीं कोणाच्या तो लक्षांत आल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. ग्रंथांत जमीनधारक १५६ आहेत. पण ज्यांच्या मिळकतीचा हिशेब मांडला तीं कुटुंबें १०३. म्हणजे खातें आणि कुटुंब एक नव्हे. कांहीं घरांत दोन-दोन, तीन-तीन खातीं असलीं पाहिजेत. कांहीं खातेदार परगांवीं राहणारे असले पाहिजेत. सात एकरांची सरासरी खात्यांची आहे. १५६ खात्यांस सात एकर म्हणजे ढोबळ मानानें १,०९० एकर. ती सर्व जमीन गांवच्याच कुटुंबांची धरली तर दर कुटुंबास साडेदहा एकर पडतात. परगांवच्या धारकांची जमीन वजा केली तर हा आंकडा खालीं येईल. पण सातावर जाऊन थांबेलच असें नाहीं. म्हणजे १७७१ सालीं जें मोजलें तें बहुधा घराणें, १९१५ सालीं जें मोजलें तें खातें, आणि ज्याच्या पोटाचा प्रश्न होता तें कुटुंब या दोन्ही टोकांच्या मध्यें कोठें तरी.

याच कारणास्तव डॉ. कोट्स यांचा जुना लेख आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. कोट्स यांनीं पेशवाई बुडाल्यावर लागलीच पुण्यानजीकच्या लोणीकंद या गांवाचें वर्णन लिहिलें, व तें १८२३ सालीं मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या निबंधसंग्रहांत छापलें गेलें. त्यांनीं डोळ्यांपुढील गांव लिहिलें. जुन्या कागदांच्या सरासऱ्या काढल्या नाहींत. म्हणून डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांस सव्वाशें वर्षांनंतर त्याच गांवीं जाऊन तेंच पुन्हां पाहतां आलें व १९६० सालीं त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहितां आलें. घर घराशीं ताडून पाहतां येतें. सरासरी सरासरीशीं ताडावयाची तर दोन्ही कशाच्या आहेत तें आधीं ठाऊक असावें लागतें.

येथें कोणी आम्हांस विचारील कीं, हें सर्व सांगून तुम्ही इंग्रजी राज्याची वकिली करूं पाहतां काय? तसा हेतु नाहीं, व तसा निष्कर्षही निघत नाहीं. खरें पाहतां त्या उतरंडीचा मोठा भाग इंग्रज येण्यापूर्वींच उतरून झालेला आहे: चाळीसांतून साडेबावीस एकर पेशवाईंतच गेले! ज्यांनीं हे आंकडे राज्यकर्त्यांविरुद्ध वापरले त्यांनीं या पहिल्या पायरीवर कधीं पाय ठेवला नाहीं, हें चमत्कारिक आहे. उलट आमची फेरतपासणी मान्य केली तर ती पायरीच नाहींशी होते, आणि उरते ती शेवटची. १८२०-४० चे चौदा एकर व १९१४-१५ चे सात एकर यांमध्यें मोजलेली वस्तु पुष्कळ अंशीं एक आहे; दोन्हीकडे खातेदार आहे, दोन्हीकडे सरकारी मोजणी आहे. मॅन यांनींही ग्रंथांत साठ-सत्तर वर्षांतच धारणांची संख्या दुपटीहून अधिक झाली असें म्हटलें आहे, तें याशीं जुळतें. म्हणजे रयतवारीच्या एका आयुष्यांत खातें अर्धें झालें. हा आरोप लहान नाहीं, आणि चाळीस एकरांच्या सुवर्णयुगाच्या कुबडीवांचून तो अधिक ताठ उभा राहतो.

मॅन यांच्या ग्रंथांतील सर्वांत महत्त्वाचें पान मात्र जमिनीचें नाहीं. १०३ कुटुंबांपैकीं नुसत्या जमिनीवर ज्यांचें भागतें अशीं कुटुंबें त्यांस अवघीं ८ आढळलीं. आणखी २८ कुटुंबें बाहेरच्या मजुरीची जोड मिळाल्यामुळें उभीं होतीं. बाकीच्या ६७ कुटुंबांचें बाहेरची मजुरी धरूनही भागत नव्हतें. या गांवाविषयीं चर्चा करणारे नेहमीं आठांवर व सदुसष्टांवर बोलतात. आमचें लक्ष मधल्या अठ्ठावीसांकडे जातें. पुणें नऊ मैलांवर, खडकीची छावणी त्याहून जवळ; खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासूनचा. शेतीनें न भागणारें घर मजुरीवर तरतें, ही गोष्ट पवनाकांठीं औद्योगिक वसाहत येण्याच्या अर्धें शतक आधींच घडून चुकली होती. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, मग मोटारींचे व दुचाकींचे कारखाने आकुर्डी-चिंचवडपासून भोसरीपर्यंत व पुढें चाकणपर्यंत पसरले. या कारखान्यांनीं शेतकऱ्यास जमिनीवरून ओढून नेलें, असें लिहिण्याची रीत पडली आहे. मॅन यांचे अठ्ठावीस त्या रीतीस आडवे येतात. हीं घरें आधींच अर्धीं बाहेर होतीं.

याच अनुषंगानें, मॅन यांनीं जें गांव निवडलें तें दख्खनचें नमुन्याचें गांव होतें काय, हाही प्रश्न निघतो. ग्रंथाच्या नांवांत 'एक दख्खनी खेडें' आहे, आणि वाचणाऱ्यांनीं तें 'दख्खनी खेडें' असें वाचलें. शहराच्या इतक्या जवळचें, नदीकांठचें गांव शिरूर-इंदापुराकडील कोरड्या गांवासारखें असणें शक्य नाहीं. हा आक्षेप मॅन यांस स्वतःलाच सुचला असावा. कारण त्यांनीं दुसऱ्या पाहणीसाठीं श्री. कानिटकर यांच्यासह शिरूर तालुक्यांतील जातेगांव बुद्रुक निवडलें, व तो दुसरा भाग १९२१ सालीं निघाला. तेथील स्थिति याहूनही वाईट आढळली. दोन्ही भाग जो एकत्र वाचील त्यास पिंपळें सौदागर हें गरीब गांवांतलें त्यांतल्या त्यांत सुखी गांव होतें असें दिसेल.

ग्रंथ छापला गेला त्याच्या पुढच्याच वर्षीं, १९१८ सालीं, इन्फ्लुएंझाची सांथ आली, आणि १९२१ च्या शिरगणतींत पुणें जिल्ह्याची लोकसंख्या १९११ पेक्षां कमी भरली. मॅन यांचीं १०३ कुटुंबें त्यांतून कशीं पार पडलीं हें कोणी पाहिलें असतें तर जमिनीची सरासरी एका वर्षांत कशी वर चढते याचा चांगला धडा मिळाला असता. १८०३-०४ बद्दल आम्ही जें वर म्हटलें त्याचीच ती उलट बाजू.

तुकड्यांबद्दल थोडें. ७२९ तुकडे व त्यांतले ११२ पाव एकराच्या आंत, ही स्थिति पाहून तत्कालीन शेतकी अधिकाऱ्यांस मोठी चिंता वाटली. मॅन यांच्यापूर्वीं डायरेक्टर असलेले कीटिंग हे याच मताचे होते. १९२७ सालीं मुंबईच्या कौन्सिलांत लहान धारणांबद्दलचें बिल आलें, पण विरोधामुळें तें सोडून द्यावें लागलें. शेवटीं १९४७ सालीं तुकडेबंदी व तुकडेजोडीचा कायदा झाला. या सर्वांच्या मुळाशीं एक समज होती, ती ही कीं पाव एकर जमीन कोणाच्या उपयोगाची नाहीं. १९७० सालीं पिंपरी-चिंचवडची नगरपालिका व १९८२ सालीं महानगरपालिका झाल्यावर या पट्ट्यांत जें घडलें त्यानें ही समज पार उलटी केली. पाव एकर म्हणजे दहा गुंठे. आणि गुंठ्यावर भाव ठरूं लागला तेव्हां जें शेत नांगर वळविण्यासही अपुरें होतें त्यानें कित्येकांस एका पिढींत गाडी-बंगला दिला. अशा माणसास लोक थट्टेनें 'गुंठामंत्री' म्हणतात. थट्टेंत हेवा आहे, व थोडा अन्यायही आहे. कारण ज्याच्या आजोबास मॅन यांनीं सदुसष्टांत धरलें असेल त्याच्या नातवानें तीच जमीन विकून कर्ज फेडलें तर त्यांत हंसण्यासारखें काय आहे? ज्यांच्या नांवावर जमीनच नव्हती, त्यांस मात्र या भरतींतून कांहीं मिळालें नाहीं. १५६ खात्यांच्या यादींत नसलेल्या माणसांचा इतिहास लिहिणें हें सर्वांत कठीण काम आहे, व त्यास खातेवहीचा उपयोग नाहीं.

गांवचा इतिहास लिहूं म्हणणारानें आतां काय करावें? पिंपळें गुरव, पिंपळें निळख व पिंपळें सौदागर अशीं एका नांवाचीं तीन गांवें जवळजवळ आहेत. 'सौदागर' कोण, याबद्दलच्या कथा बाजूस ठेवाव्या. पुणें पुराभिलेखागारांतील पेशवे दप्तरांत पुणें प्रांताच्या गांवांचे ताळेबंद, झाडे, जमाबंद्या व खानेसुमाऱ्या आहेत. शेजारच्या चिंचवडास मोरया गोसावींच्या वंशांतील देवांचें संस्थान. त्याच्या इनामांच्या कागदांचा लॉरेन्स प्रेस्टन यांनीं १९८९ च्या ग्रंथांत चांगला उपयोग करून घेतला आहे, व आसपासच्या गांवांच्या वहिवाटी समजण्यास तें साधन कामास येईल. १७७१ चा मूळ कागद पुढें ठेवून त्यांतील प्रत्येक नांव थळाचें कीं माणसाचें, हें एकेक करून पाहिलें म्हणजे चाळीस एकरांचा निकाल लागेल. सरासरी त्यानंतर काढावी.

पुढील काळासाठीं शिरगणतीचा आधार दिवसेंदिवस तुटत चालला आहे. २०११ च्या शिरगणतींत पिंपरी-चिंचवड शहराची लोकसंख्या १७ लाखांवर भरली. पण शहराची गणना प्रभागवार होते, मौजेवार होत नाहीं. मॅन यांच्या १०३ कुटुंबांपुढें ठेवावयास 'पिंपळें सौदागर' या जुन्या शिवेचा सरळ आंकडा त्यामुळें मिळत नाहीं. गांवच्या एका चौकास आज 'शिवार' असें नांव आहे. शिवार उरलें नाहीं. सातबारा, फेरफार व मिळकतपत्रिका मात्र आहेत, आणि त्यांतील हिस्सा नंबरांत भावाभावांच्या वांटण्यांचा माग १९१५ च्या पुढें लावतां येतो. चौदाव्या मजल्यावरील सदनिकेच्या खरेदीखतांतही मिळकतीचें वर्णन करतांना सर्व्हे नंबराआधीं आजतागायत 'मौजे पिंपळे सौदागर' असेंच लिहितात.